केदारकुंडाची सोपी वाट

पहिला दिवस, शनिवार

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांनी एस.टी.त चालक म्हणून २६ वर्षे काढली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे धुळे–औरंगाबाद या एकाच रस्त्यावर गेली. चाळीसगाव मागे पडून कन्नडचा घाट लागला, की पावसाळ्यात उजव्या हाताच्या डोंगरांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरताना दिसत. परंतु मागे पन्नास माणसे बसलेली असताना चालकाने रस्त्यावरची नजर काढू नये, हा त्यांचा नेम असल्यामुळे त्या रेघा त्यांनी आयुष्यभर डोळ्यांच्या कोपऱ्यातूनच पाहिल्या. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. यंदा आषाढात डॉक्टरांनी चालण्याची मोकळीक दिली, चढउतार तेवढे जपून करा म्हणाले, आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आधी नानांनी नाव काढले ते पाटणादेवीच्या डोंगरांतल्या केदारकुंड या धबधब्याचे.

दर रविवारी एखादा गड चढून येणाऱ्या मंडळींच्या लेखी केदारकुंड म्हणजे शाळेची सहल आहे. वाट रुंद, चढ नावापुरता, दोर-खिळ्यांचे काम नाही. आम्हाला नेमके तेच हवे होते. बरोबर ताई आणि तिची दहा वर्षांची मुलगी होती, आणि शाळेत भूगोल शिकवणारा मी. श्रावणाचा शेवटचा आठवडा धरला, कारण या डोंगरांतले पाणी चार महिन्यांचे सोबती असते. फाल्गुनात तिथे गेलेल्या माणसाला उघडे दगड आणि पानगळ झालेले करडे जंगल एवढेच भेटते.

सकाळच्या मेमूने धुळ्याहून निघालो. बोरविहीर, शिरूड, जामदा अशी स्थानके मागे टाकत गाडी काळ्या जमिनीतून जाते आणि दोन्ही अंगांना कपाशीच कपाशी असते. पोळा पाच दिवसांवर आला होता, त्यामुळे चाळीसगावच्या बाजारात बैलांच्या झुली, गोंडे आणि शिंगांना लावायच्या रंगाच्या पुड्या मांडलेल्या होत्या. मुक्काम ताईच्या नणंदेकडे होता. त्यांनी कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी असा बेत केला होता, आणि त्यानंतर दुपारी तीनपर्यंत कोणालाही उठवले नाही.

चाळीसगावपासून पाटणादेवी अठरा किलोमीटर आहे. पाटणे गाव ओलांडले की समोर डोंगरांची भिंत उभी राहते आणि वनखात्याचा नाका येतो. इथून गौताळा–औट्रमघाट अभयारण्य सुरू होते. १९८६ साली जाहीर झालेले हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. नाक्यावर नावे लिहून घेतली, पावती दिली आणि पिशव्यांतले प्लॅस्टिक मोजून पाहिले. परतताना तेवढेच प्लॅस्टिक दाखवावे लागते, हे ऐकून मला बरे वाटले. ताईला आपल्या पिशवीत नेमके किती बिस्किटपुडे आहेत हे जाहीर झाल्याचे थोडे वाईट वाटले.

पाटणादेवीचे, म्हणजेच चंडिकादेवीचे, मंदिर यादवकालीन आहे. उंच दगडी जोते, चुन्याशिवाय बसवलेले चिरे आणि कोनाकोनांत दुमडत गेलेल्या भिंती. संध्याकाळचे ऊन त्या प्रत्येक कोनावर वेगळे पडत होते. त्या वेळी इथे पाटण नावाचे नांदते गाव होते आणि यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे त्यावर राज्य करीत होते. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणलेला प्रसिद्ध शिलालेख याच पाटणचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण या यादव राजाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ स्थापला आणि त्या मठाला निकुंभांनी शके ११२८ मध्ये दाने दिली, असा त्यातला मजकूर आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दान मोजायची वेळ आली तेव्हा लिहिणारा मराठीवर येतो: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’. या पाटणात जो माल विकायला उघडला जाईल, त्यावरचा कर मठाला मिळावा, असा त्याचा रोख आहे. मला हे फार आवडते. वंशवर्णन देवभाषेत झाले तरी चालते. बाजाराचा हिशेब व्यापाऱ्याला कळेल अशाच भाषेत लिहावा लागतो.

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे सांगितले आहे. ते विज्जडविड म्हणजे हेच पाटण की आणखी कोणते, यावर विद्वानांत एकमत नाही. चाळीसगाव तालुक्यात मात्र याविषयी दुमत आढळत नाही.

दुसऱ्या दिवसासाठी पाटणे गावातला एक वाटाड्या ठरवला. वाट चुकण्यासारखी नाही, तरी सोबत स्थानिक माणूस असावा, असे नाक्यावरच्या वनरक्षकांनी सुचवले होते. त्यांचे ऐकले ते किती बरे झाले, हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळले.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी सात वाजता नाक्यापाशी पोहोचलो तेव्हा डोंगरांचे माथे ढगात होते आणि खाली कोवळे ऊन होते. वाटाड्याने नानांच्या पायांकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता पडलेल्या फांद्यांतून धावड्याची एक वाळलेली काठी निवडून त्यांच्या हाती दिली. नानांनी ती दोनदा जमिनीवर आपटून पाहिली. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ते चाकावर असेच पान्याने ठोकून पाहत असत.

पहिला टप्पा अगदी सपाट आहे. डोंगरी नदीच्या काठाने वाट आत शिरते आणि पाण्याचा आवाज कधी उजवीकडून तर कधी डावीकडून येत राहतो. हे सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखे किर्र जंगल नाही. झाडे सुटी सुटी आहेत, त्यांच्यामधून आकाश दिसते आणि पावसाळ्यात मधली सगळी जागा गवताने भरून जाते. साग, धावडा, सालई, पळस, मोई ही कोरड्या प्रदेशातली झाडे इथली मूळची रहिवासी. अंजनाचे झाड भाचीला मुद्दाम दाखवले: त्याचे पान दोन पाकळ्यांचे असते, गाईच्या खुरासारखे दुभंगलेले, आणि लाकूड आपल्याकडच्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. पुढे कहांडोळाचे पांढरेफटक खोड दिसले. अमावास्येच्या रात्री असे झाड पाहिलेल्या माणसाने त्याला भुताचे झाड म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

गवतात तेरडा फुलला होता. कळलावीच्या लाल-पिवळ्या पाकळ्या कुंपणावरच्या ज्वाळांसारख्या वर वळल्या होत्या, आणि तिचा कंद विषारी असल्याने हात लावू नये, असे वाटाड्याने भाचीला दोनदा बजावले. एका ओल्या जागी नीलगाईच्या खुरांचे ठसे होते. त्याच्या शेजारी एक गोल, नखे न उमटलेला ठसा होता. वाटाड्याने तो पायाने पुसला नाही, पण त्याविषयी फार बोललाही नाही. ‘रातना शे,’ रात्रीचा आहे, एवढेच अहिराणीत म्हणाला. या जंगलात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत असते. तो रात्री याच सोप्या वाटेने जातो, हे ठसा पाहिल्यावर कळते.

सोप्या वाटेचा एक फायदा मला इथे जाणवला. कठीण चढावर माणूस पुढच्याच्या टाचा आणि आपला श्वास यांच्यापलीकडे काही पाहत नाही. इथे नानांच्या चालीने चालायचे असल्यामुळे दर पन्नास पावलांवर थांबणे होत होते आणि प्रत्येक थांब्यावर काहीतरी सापडत होते: मुंग्यांनी पानांचे केलेले घर, साळिंदराचा गळून पडलेला काटा, स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेली. आम्ही रेंगाळू लागलो, तर नानांना ते आपल्यासाठी आहे असे वाटून संकोच व्हायचा. ‘तुम्ही पुढे व्हा, मी ई राहिनू,’ असे ते म्हणायचे. त्यांच्यासाठी नव्हे, साळिंदरासाठी थांबलो आहोत, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

वाटेत प्रवाह तीन ठिकाणी ओलांडावा लागला. पहिल्या दोन ठिकाणी दगडांवर पाय ठेवून जाता आले. तिसऱ्या ठिकाणी पाणी घोट्याच्या वर होते आणि तळाचे गोटे शेवाळलेले होते. वाटाड्या आधी उतरला, नानांचा एक हात त्याच्या खांद्यावर आणि दुसरा काठीवर, आणि मी मागे. बुटांपेक्षा मागे पट्टा असलेल्या रबरी चपला अशा ठिकाणी बऱ्या. माझे नवे बूट दिवसभर पाण्याने भरलेले राहिले. पलीकडे गेल्यावर वाटाड्याने पाण्याच्या काठाला लागून एक चपटा पांढरट दगड ठेवला. भाचीने विचारले तेव्हा हसून म्हणाला, परत येताना सांगतो.

रमतगमत दीड तास लागला. चालत्या माणसाला तासाभराहून जास्त लागू नये. आधी आवाज वाढला, मग हवा गार झाली, मग कातळाची एक अर्धगोल भिंत समोर आली आणि तिच्या माथ्यावरून पाणी खालच्या कुंडात पडताना दिसले. आकाराने हा काही मोठा धबधबा नव्हे. पण तीन बाजूंनी उभा काळा दगड, त्यावर नेचे आणि शेवाळ, आणि मधोमध ते पांढरे पाणी, अशी जागा असल्यामुळे तिथे गेल्यावर कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्या आधी आलेल्या मुलांच्या एका घोळक्याने गाण्यांचा डबा सुरू केला होता. तोही पाण्यापुढे फिका पडला आणि थोड्या वेळाने त्यांनीच तो बंद केला.

भूगोलाच्या शिक्षकाला अशा ठिकाणी फळा लागत नाही. सातमाळा–अजिंठ्याची ही रांग दख्खनच्या लाव्ह्याची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर बसत गेले. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे लालसर मातीची पट्टी. पाणी वरच्या घट्ट थरावरून येते, खालचा ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा थर सज्जासारखा पुढे राहतो, आणि आधार गेल्यावर त्याचा तुकडा खाली कोसळतो. म्हणून धबधब्याच्या पायथ्याशी एवढे मोठे धोंडे असतात, आणि म्हणूनच धबधबा वर्षानुवर्षे हळूहळू मागे सरकत जातो. पडणारे पाणी दगडगोट्यांना गरगर फिरवत तळ कोरते, त्याचे कुंड होते. त्याच्या कडेवर उभे राहून खोलीचा अंदाज बांधता येत नाही आणि बांधूही नये. चाळीसगावच्या आसपास असे एकही गाव नसेल, जिथे पोहता येणारा मुलगा अशा डोहात गेल्याची गोष्ट सांगत नाहीत.

‘मग खोली मोजायची कशी?’ भाचीने विचारले. आदल्या दिवशीचे मंदिर डोक्यात होते, म्हणून तिला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातले कमळाचे गणित घातले. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती कलत कलत गेली आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? देठ तेवढाच राहतो, फक्त तिरपा होतो, आणि काटकोन त्रिकोण तयार होतो. तिने ओल्या वाळूत काटकीने आकृती काढली, ताईने तिला कर्णाची आठवण करून दिली, आणि बऱ्याच खाडाखोडीनंतर उत्तर आले: पावणेचार हात. या खोऱ्यातल्या मठात आठशे वर्षांपूर्वी मुलांना हे गणित घातले गेले असेल, असे मी म्हणालो. त्यावर तिने कुंडाकडे पाहून विचारले, ‘पण इथे कमळ कुठे आहे?’ नाना खो खो हसले.

नाना पाण्यात उतरले नाहीत. एका धोंड्यावर टॉवेल घालून ते पाऊण तास बसून होते, तुषार अंगावर घेत. काय वाटते, असे मी विचारले. ते म्हणाले, घाटातून ही रेघ एवढीशी दिसायची, सुताएवढी.

अकराच्या सुमारास आमच्यावर लख्ख ऊन होते, तरी वाटाड्या उठून उभा राहिला. त्याने पाण्याकडे बोट केले. कुंडातून बाहेर पडणारे पाणी मघापर्यंत नितळ होते, त्यात आता काड्या आणि ओला पाचोळा येऊ लागला होता. ‘वर पानी पडनं का आठे नदी येस, भाऊ,’ असे म्हणून त्याने सर्वांना चालायला लावले आणि त्या मुलांनाही हाक मारून बरोबर घेतले. परतीच्या पहिल्या, म्हणजे सकाळच्या तिसऱ्या, उताराच्या जागी पोहोचलो तेव्हा पाणी चहाच्या रंगाचे झाले होते. पांढरट दगड कुठेच दिसत नव्हता. त्याच्या जागेवरून पाणी वाहत होते, आणि घोट्याएवढा प्रवाह मांडीपर्यंत चढला होता.

मुलांपैकी दोघांना पलीकडे जाण्याची घाई होती. दोन मिनिटांचे तर काम, हात धरून जाऊ, असे त्यांचे म्हणणे. वाटाड्या त्यांच्या वाटेत उभा राहिला आणि शांतपणे त्यांना ३१ ऑगस्ट २०२१ ची आठवण करून दिली. त्या दिवशी याच डोंगरांवर ढग फुटावा तसा पाऊस झाला, डोंगरी आणि तितूर या नद्यांना महापूर आला, काठच्या गावांत आणि चाळीसगाव शहरात पाणी घुसले, गोठ्यांत बांधलेली गुरे वाहून गेली आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. त्याने स्वतः त्या दिवशी काय गमावले, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. ‘आते बठा जरा,’ एवढे मात्र तो म्हणाला, आणि सगळे बसले.

पात्रापासून वर, उंच काठावर जागा पाहून दशम्या सोडल्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या या दशम्या दोन दिवस टिकतात, म्हणून आमच्याकडे प्रवासाला त्याच निघतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. घाईत असलेल्या त्या मुलांकडे खायला फक्त कुरकुरीत पाकिटे होती आणि तीही संपली होती. ताईने त्यांना वाढायला सुरुवात केली, तेव्हा नदी ओलांडण्याचा विषय आपोआप मागे पडला. नानांनी त्यांना घाटात रात्रभर अडकून पडलेल्या गाड्यांच्या कथा सांगितल्या. त्यांतली एक मी घरी कधीच ऐकली नव्हती: पावसात दरड आली असता प्रवाशांना गाडीत ठेवून ते आणि वाहक कंदील घेऊन चालत पुढचा रस्ता पाहून आले होते. आईला काळजी वाटेल म्हणून तेव्हा सांगितले नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण. आईला जाऊनही आता सहा वर्षे झाली.

पावणेदोन तासांनी भाची ओरडली. पाण्यातून पांढरट दगडाची कड दिसू लागली होती. तरीही तो पूर्ण उघडा पडेपर्यंत वाटाड्याने कोणाला हलू दिले नाही. मग एकेकाला हात देत त्याने सगळ्यांना पार केले, शेवटी नानांना. उरलेले दोन उतार त्यापेक्षा सोपे गेले.

नाक्यावर प्लॅस्टिकची मोजणी झाली आणि ताईचे बिस्किटपुडे भरले. काठी आत ठेवून जा, जंगलातले लाकूड बाहेर नेता येत नाही, असे वनरक्षकाने नम्रपणे सांगितले. नानांनी ती नाक्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि चार पावले जाऊन पुन्हा एकदा वळून पाहिले.

तिसरा दिवस, सोमवार

श्रावणी सोमवार असल्याने नानांचा उपवास होता. नणंदबाईंनी साबुदाण्याची खिचडी बांधून दिली आणि आम्ही भाड्याच्या गाडीने घाट चढायला निघालो. या घाटाला औट्रम घाटही म्हणतात. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी, त्याचे नाव घाटाला आणि त्यावरून अभयारण्यालाही मिळाले. नाना पुढच्या आसनावर बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. तिसऱ्या वळणाला चालकाच्या ते लक्षात आले. ‘नाना, ब्रेक मन्हाकडे शे,’ तो म्हणाला. नानांनी पाय आवरला, पुढच्या वळणापर्यंत.

मग मात्र त्यांनी एक गोष्ट केली जी इतक्या वर्षांत केली नव्हती. मान पूर्ण उजवीकडे वळवली आणि घाट संपेपर्यंत डोंगराकडे पाहत राहिले.

माथ्यावरून कालीमठाकडून पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत गाडी जाते. लेण्यांकडे पायऱ्या उतरून जावे लागते, त्यामुळे नाना आणि ताई वरच थांबले आणि मी भाचीला घेऊन खाली गेलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली ही बौद्ध लेणी महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहेत. इथे सापडलेली यक्षाची एक हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली असे कोरलेले आहे. खांबांच्या दानलेखांत पैठणच्या अत्तरवाल्यांच्या कुटुंबाचा उल्लेख येतो. पैठणचा माल डोंगर उतरून खानदेशात जायचा, तो याच खिंडी-घळींतून. पाटणच्या शिलालेखातले ‘केणे’ आणि हे अत्तरवाले यांच्यामध्ये हजारावर वर्षे आहेत. वाट मात्र एकच. या अंगाच्या पाण्याचा धबधबा धवलतीर्थ म्हणून ओळखला जातो. काल नदीने दाखवलेला रंग ध्यानात ठेवून आम्ही तिकडे खाली उतरण्याचा मोह टाळला.

वर आलो तेव्हा नाना जागेवर नव्हते. ते पठारावर थोडे पुढे, गवतात उभे होते. ही पठाराची कड म्हणजे पाणलोटाची रेषा आहे. तिच्या उत्तरेला पडलेले पाणी डोंगरी, तितूर, गिरणा अशा नद्यांतून तापीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. दक्षिणेला पडलेले पाणी गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात नकाशावर शिकवतो. प्रत्यक्षात ती रेषा म्हणजे गवत, चरणारी दोन गुरे आणि एक हातभर रुंदीचा ओहोळ, इतकीच होती. ओहोळ उत्तरेकडे, कड्याच्या दिशेने निघाला होता.

‘हे पाणी खाली जाऊन तेवढे होते?’ नानांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांनी आधारासाठी हात पुढे केला, काठी नाही हे ध्यानात येऊन तो मागे घेतला, आणि शस्त्रक्रिया झालेला पाय आधी टाकून ते ओहोळाच्या पलीकडे गेले.